शांतवनला आम्ही थांबू दिलं नाही

शांतवन गेल्याची तार मला कुर्डुवाडीला, रेल्वेच्या कारखान्यात हजेरीच्या टेबलावर मिळाली. सकाळची पाळी नुकतीच आत गेली होती आणि मी कामगारांच्या नावांपुढे खुणा करत होतो. तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि उरलेल्या सगळ्या नावांपुढच्या खुणा पुऱ्या केल्या. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. मग साहेबांची परवानगी घेऊन सोलापूरची गाडी धरली. मोहोळ मागे पडल्यावर लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटतंय, पण धक्का बसलेला नाही. रेव्हरंड शांतवन पाटोळे, सोलापूरच्या आमच्या मंडळीचा पाळक, माझा तीस वर्षांचा मित्र, गेली कित्येक वर्षं थोडा थोडा विझत होता, आणि ते जवळून पाहणाऱ्यांत मी होतो.

दफनाला स्मशानभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतले कामगार होते, पूर्वभागातले मागवाले होते, शाळेच्या मुली रांगेनं उभ्या होत्या, अक्कलकोटकडची काही माणसं पहाटेच निघून आली होती. चारजण बोलले. चौघांच्याही बोलण्यात एक शब्द आला... 'न थकता'. न थकता सेवा केली, न थकता कळप राखला. तिसऱ्यांदा तो शब्द आला तेव्हा सगुणावहिनींनी, शांतवनच्या पत्नीनं, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी टाळली. पुढे महिन्याभरानं आमच्या मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही त्यांचे जुने स्नेही, पुरवणीसाठी आठवणी लिहून पाठवा. मी वहिनींना विचारायला गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भावोजी, लिहिणार असाल तर खरं लिहा. नाहीतर लिहू नका." म्हणून हे लिहितो आहे.

नगरला धर्मशिक्षणाच्या शाळेत आम्ही दोघं एका खोलीत होतो. त्याचं गाव केमजवळ. वडील दोर वळायचे, आणि शांतवनच्या तळहातांनाही लहानपणीच्या त्या कामाचे घट्टे होते. पुस्तकाचं पान उलटताना ते कागदाला घासायचे. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. हिब्रू शिकताना आम्ही सगळे रडकुंडीला यायचो, त्याला त्या उच्चारांचंच हसू यायचं. पहाटे तो मोठ्यानं प्रार्थना करायचा आणि मी घोंगडी डोक्यावर ओढून घ्यायचो. त्याच्या प्रार्थनेत मागणं फार कमी असायचं. काल काय काय झालं ते तो देवाला सांगत बसायचा... जेवणात मीठ जास्त होतं, गुरुजींचा पाय मुरगळला, लूका, म्हणजे मी, घोरत होता. घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं. मी कुणाशीही तसं कधी बोललेलो नाही, देवाशी तर नाहीच. शेवटच्या वर्षी मला कळून चुकलं, की लोकांपुढे उभं राहून जे आपल्याजवळ नाही ते आपल्याला वाटता येणार नाही. मी शाळा सोडली. बाकीच्यांनी समजूत घातली, कुणी नावं ठेवली. शांतवननं काहीच म्हटलं नाही. माझी ट्रंक खांद्यावर घेऊन तो स्टेशनपर्यंत चालत आला, आणि गाडी हलताना म्हणाला, "तू तिकडं सुखानं राहा. मी दोघांचं करतो." हे वाक्य मी पुढे किती वर्षं वापरलं, ते पुढे येईलच.

पहिली मोठी लढाई संपल्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्याची नेमणूक सोलापूरला झाली. पहिल्याच उन्हाळ्यात मागवाल्यांच्या वस्तीत पटकी आली. तिथं आमच्या मंडळीचं एकही घर नव्हतं. शांतवन तरी रोज सकाळी तिकडे जायचा. तिथले विणकर तेलुगू बोलायचे, त्याला ते येत नव्हतं. एका घरात एक बाई खाटेवर पडलेली, कुणी जवळ जाईना, आणि ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती... नीळ्ळु, नीळ्ळु. हा बिचारा बायबल उघडून बसला. दारातून एका म्हातारीनं सांगितलं, "पाणी मागतीय ती." त्या दिवशी बायबल मिटलं ते पटकी ओसरेपर्यंत त्यानं त्या वस्तीत उघडलं नाही. उकळलेलं पाणी घेऊन घरोघर फिरला. वर्षभरात तेलुगू बोलायला लागला, त्यात गावाकडचा हेल तसाच राहिला आणि मागवाल्यांच्या बायका त्याला हसायच्या. ती खाटेवरची बाई वाचली नाही. पण तिचा नवरा पुढे दर नाताळला एक टॉवेल विणून आणून द्यायचा. मंडळीत तो कधीच आला नाही. शांतवननं त्याला ये म्हटलंही नाही.

त्या काळातला शांतवन ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी काय सांगू? त्याचं कीर्तन ऐकायला मंडळीबाहेरचे, ख्रिस्ती नसलेले लोकही यायचे. डोक्याला रुमाल, हातात टाळ, आणि बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना तो बाप व्हायचा, मुलगा व्हायचा, रुसलेला थोरला भाऊ तर असा व्हायचा की पुढे बसलेल्या घरोघरच्या थोरल्या भावांना खाली बघावं लागायचं. मी महिन्यातून एकदा सोलापूरला जायचो. परत येताना मला वाटायचं, मी सोडलं ते बरंच झालं. माझ्या वाटणीचंही हा करतोच आहे.

मंडळीचं काम कीर्तनानं होत नाही हे त्याला लवकरच कळलं. आमच्या मंडळीत दोन जुन्या जातींचे लोक होते. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, तरी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, एका प्याल्यातून आधी कुणी प्यायचं यावरून मनं दुखायची. शांतवन सहा वर्षं त्या घरांतून या घरांत आणि या घरांतून त्या घरांत जात राहिला. कुणाच्या ओसरीवर बस, कुणाच्या हातचं जेव, कुणाच्या शिव्या खा. अखेर एका रविवारी लोक मिसळून बसले, आणि प्याला ज्या क्रमानं बसले होते त्या क्रमानं फिरला. त्या दिवशी तो मंचावर उभा राहून रडला. वर्षभरात दोन बाजूंमधलं एक लग्न जुळता जुळता मोडलं, आणि मंडळी पुन्हा दोन बाजूंना बसू लागली. "पुन्हा पहिल्यापासून," तो मला हसत म्हणाला. पुन्हा चार वर्षं गेली. पुन्हा बसले, पुन्हा मोडलं. या खेपेला तो तेच शब्द म्हणाला, पण हसला नाही. त्यातच खेड्यांतल्या तीन मंडळ्या त्याच्याकडे आल्या, दोन शाळांची देखरेख आली, कमिट्या आल्या. जो काम करतो त्याच्याकडेच काम जातं, आणि तो कुणाला नाही म्हणत नसे.

केव्हा सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही. आधी कीर्तन बंद झालं. घसा बसतो म्हणाला, आम्ही मान्य केलं. मग प्रार्थनेतल्या त्या गप्पा गेल्या. प्रार्थना सुबक झाली, मोजकी, छापण्यासारखी. आणि त्याचे उपदेश, सांगायला विचित्र वाटतं, पूर्वीपेक्षा चांगले झाले. बांधीव, घोटलेले. लोक म्हणायचे, पाळकसाहेब आता पिकले. मीही तेच म्हटलं. एकदा वहिनी मला चहा देताना हळूच म्हणाल्या, "भावोजी, हे घरी येतात पण जोडे काढत नाहीत. पायरीवर बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, परत जायचंच आहे." मी हसून म्हटलं, कामाचा माणूस आहे. वहिनी हसल्या नाहीत. कप उचलून आत गेल्या.

मग एका दुपारी तो अचानक कारखान्यात आला. कमिटीसाठी नगरला निघाला होता, मध्येच कुर्डुवाडीला उतरला. पुढची गाडी दोन तासांनी होती. आम्ही फलाटाच्या टोकाला लिंबाखाली बाकावर बसलो. ऊन मी म्हणत होतं. तो रुळांकडे बघत सांगू लागला.

आठवड्यापूर्वी त्यानं एका मुलीचं दफन केलं होतं. मुलीची आई तान्हाबाई गिरणीत सूतखात्यात कामाला. मुलगी नऊ वर्षांची, रूथ. त्याच्या आधीच्याच आठवड्यात मार्था नावाची दुसरी मुलगी गेली होती. कबरेपाशी प्रार्थना करताना शांतवननं रूथच्या जागी मार्था म्हटलं. एकदा नाही, तिन्ही वेळा. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तान्हाबाई त्याच्या दाराशी आली. आत येईना. पायरीखाली उभी राहून म्हणाली, "पाळकसाहेब, काल तुमी देवाला मार्था सांगितलं. माजी रूथ हाय. देवाला कळंल का वो?"

"कळेल, बाई," तो म्हणाला.

"कळंल म्हनता, पर येकदा सांगून टाका की. लई ल्हान हाय ती. चुकंल कुटंतरी."

तो जोड्यांसकटच तिच्याबरोबर स्मशानभूमीत गेला. ओल्या मातीपाशी उभं राहून त्यानं पुन्हा प्रार्थना केली, रूथ, रूथ असं दोनदा नाव घेतलं. तान्हाबाईनं पदरानं तोंड पुसलं, त्याला हात जोडले आणि घरी गेली.

"ती निवांत झाली, लूका," तो म्हणाला. "आणि मी तिथं उभा राहून खेड्यांवर जायच्या गाडीच्या चाकाचा विचार करत होतो. सुताराकडं टाकलंय, मिळेल केव्हा. तोंड प्रार्थना करत होतं. रूथ म्हटलं काय, मार्था म्हटलं काय... मला काही फरक वाटला नाही. वाटावा म्हणून मी थांबलो. ती गेल्यावरही थांबलो. काहीच आलं नाही."

तो पुढे म्हणाला, "चार वर्षं झाली. एकटा असताना मी प्रार्थना केलेली नाही. लोकांसमोर करतो. ती येते. मागावर हात चालतो ना आपोआप, तशी येते."

"तू थकला आहेस," मी म्हटलं. "महिनाभर पाचगणीला जाऊन ये."

"थकलो असतो तर झोप लागली असती."

त्यानं वर्षापूर्वीच मिशनच्या मोठ्या साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे दुसरा नाही म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात अक्कलकोटकडची दोन खेडी त्याच्याकडे दिली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग शांतवननं कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. राजीनामा होता. चार ओळींचा. माझ्याजवळ मंडळीला देण्यासारखं काही उरलेलं नाही, ते असल्याचं दाखवत राहणं मला योग्य वाटत नाही, दुसरा पाळक नेमावा, मला कुठल्याही शाळेत मुलांना गणित शिकवायला ठेवलं तर मी आनंदानं करीन. 'आनंदानं' या शब्दाखाली शाई थोडी फुटली होती. "आज कमिटीत देणार आहे," तो म्हणाला. "देऊ ना?"

त्याला फक्त हो हवं होतं. एवढ्याचसाठी तो भर उन्हात मध्ये उतरला होता. आणि मी, ज्यानं स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी हेच केलं होतं आणि त्याबद्दल ज्याला त्यानं एका शब्दानं बोल लावला नव्हता, तो मी म्हणालो, देऊ नको. मंडळी फुटेल म्हणालो. लोक म्हणतील पाळकाचाच विश्वास उडाला तर आमचं काय. वहिनींचा विचार कर. ही कारणं खोटी नव्हती, पण ती खरी कारणंही नव्हती. खरं कारण शेवटी तोंडातून निघालंच. मी म्हटलं, "शांतवन, तू मला म्हणाला होतास, दोघांचं करतो म्हणून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर आज मला बरं वाटलं असतं. रविवारी उपासना सुटल्यावर दारात उभा राहून तो एकेकाचं ऐकून घ्यायचा, कुणाची सासू आजारी, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, तसंच त्यानं माझंही ऐकून घेतलं. मीही त्या रांगेत जाऊन उभा राहिलो होतो. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, चार तुकडे केले, आणि फलाटावर कचरा नको म्हणून तुकडे पुन्हा खिशात घातले. "बरं झालं तुला विचारलं," तो म्हणाला. गाडी आली. तो नगरला गेला, आणि त्या कमिटीत त्याला आणखी एका कमिटीचं चिटणीस केलं.

त्यानंतर दोन वर्षं तो होता. त्या दोन वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच खरं म्हणजे लिहायला हवं. एकही रविवार चुकला नाही. एकही दफन, एकही बाप्तिस्मा चुकला नाही. नावं आता तो कागदावर लिहून नेत असे, एकही चुकलं नाही. दोन्ही बाजूंचे लोक पुन्हा वेगवेगळे बसले, आणि या वेळी तो कुणाच्याही ओसरीवर गेला नाही. कुणी त्याला विचारलंही नाही, कारण वेगळं बसणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. मी जात राहिलो. आम्ही हवापाण्याचं बोलायचो. तो बाकाचा विषय त्यानं काढला नाही, आणि मी तर कशाला काढतो?

माघ संपता संपता त्याला विषमज्वर झाला. तिसऱ्या आठवड्यात मी रजा टाकून गेलो. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, याहून अशक्त माणसं यातून उठलेली मी पाहिली आहेत, पण हे जगण्याला धरूनच राहत नाहीत. त्याच वेळी नगरहून नुकताच शिकून आलेला एक तरुण उपदेशक प्रार्थना करायला आला. चांगला मुलगा, डोळे भरून आलेले. शांतवननं हात थोडा उचलला. "त्याला घरी पाठव, लूका," म्हणाला. "दिवसभर हिंडत असेल. तोही दमला असेल." तरुण माणूस दारातच थबकला, आणि मग गेला. बाहेर तो लोकांना म्हणाला, की मरणाच्या दारातही पाळकसाहेबांना दुसऱ्यांची काळजी. ते वाक्य दफनाच्या वेळी दोघांनी वापरलं.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो तेव्हा मी त्याच्या उशाशी वाकलो. "शांतवन, मी चुकलो," मी म्हटलं. "त्या दिवशी तुला हो म्हणायला हवं होतं."

"कशाला?" तो म्हणाला.

मी सांगितलं. कुर्डुवाडी, बाक, कागद. त्यानं डोळे मिटले. आठवलं की नाही कळलं नाही. मग विचारलं, "तुझी गाडी किती वाजता?"

"दुपारची आहे."

"मग जेवून जा."

एवढंच. चौथ्या दिवशी तार आली. मला त्याच्याकडून माफी हवी होती असं नाही, पण आपली चूक त्याच्या कानापर्यंत पोचावी एवढं तरी वाटत होतं. तेही झालं नाही. चूक ऐकून घ्यायलासुद्धा माणसाजवळ काहीतरी शिल्लक लागतं.

गेल्या रविवारी पुन्हा सोलापूरला गेलो होतो. वहिनी पाळकाची बंगली रिकामी करून बार्शीला भावाकडे निघाल्या आहेत. सामान फार नाही. मंडळीनं त्या तरुण उपदेशकालाच पाळक नेमलं आहे. उपासनेनंतर तो मला आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मागच्या खोलीत घेऊन गेला. ती शांतवनची बसायची खोली, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला लागून. खुर्चीच्या मागे भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलाचा एक काळपट डाग आहे, ताटलीएवढा. इतकी वर्षं त्या खोलीत जाऊन मी तो कधी पाहिला नव्हता, कारण त्याच्यापुढे नेहमी शांतवन असायचा. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, हात मांडीवर. आम्ही सगळ्यांनी त्याला तसं पाहिलं आहे, मंडळीच्या कारभारी डीकननी, शिक्षकांनी, वहिनींनी, मी. दार उघडून आत डोकावायचो, आणि प्रार्थना चालली आहे असं समजून दार हळूच ओढून घ्यायचो.

"चुना मारून घेणार आहे," नवा पाळक म्हणाला. "पण हात लावावासा वाटत नाही. साहेब इथंच बसून तासन्‌तास प्रार्थना करायचे, असं सगळे सांगतात. तुम्ही तर पाहिलं असेल."

त्याच्या खिशातून वहीचं टोक बाहेर आलं होतं. उपासना सुटल्यावर दारात थांबलेल्या लोकांची कामं त्यानं त्यात लिहून घेतली होती आणि त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्याला सांगायला हवं होतं. माझ्याखेरीज ते सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. मी त्या डागाकडे पाहिलं, आणि "हो, पाहिलंय," म्हणालो.